धुण्याचा आवाज

"ही बाई कपडे धुतेय, की बदकाला आंघोळ घालतेय?" आंटी डेडेने विचारलं.

पडद्यावर एक देखणी मुलगी निळ्या टबापुढे बसून शाळेचा पांढरा सदरा चोळत होती. स्पीकरमधून पाण्याचा छळाक-छळाक आवाज येत होता आणि त्यावर गिटारवरचं गोड हायलाइफ गाणं. एकोने जाहिरात थांबवली. एको दिग्दर्शक होता, एकोणतीस वर्षांचा, आणि अक्रामधलं हे त्याचं पहिलं मोठं काम होतं.

"आंटी, पाणी आहे, फेस आहे, टब आहे. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"हात. हात दिसतायत, पण ऐकू येत नाहीत. पाणी काय, कुणीही ओततं."

एकोने स्टुडिओचे मालक मिस्टर आर्मा यांच्याकडे पाहिलं. मालकांनी छताकडे पाहिलं. अठरा वर्षांत डेडेशी आवाजावरून वाद घालून ते एकदाही जिंकले नव्हते, आणि आज नवी सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती.

डेडेचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. साबण लावलेलं कापड मुठीत धरून दुसऱ्या मनगटाच्या मुळाशी नेमक्या जोराने घासलं, की ते बोलतं. चुईंक, चुईंक. सकाळी कुठल्याही अंगणात चार बायका धुवायला बसल्या की हाच आवाज सुरू होतो, आणि ज्या मुलीच्या हातून तो निघत नाही तिची धडगत नसते. "काय गं, कपड्यांना झोपवतेस का?" असं विचारून तिला भंडावून सोडतात. एको फॅन्टी जमातीच्या घरातला, आईचा लाडका मुलगा. त्याने हा आवाज जन्मभर ऐकला होता, म्हणूनच तो त्याच्या ध्यानात आला नव्हता.

डेडे या स्टुडिओत आली ती झाडलोट करायला. एकदा फुफूसाठी उकडलेला कसावा कांडण्याचा आवाज मुद्रित होत होता आणि तो लाकूड फोडल्यासारखा येत होता. हातात झाडू घेऊन दारात उभ्या असलेल्या डेडेने तसं सरळ सांगून टाकलं. आर्मांनी चिडून मुसळ तिच्या हातात दिलं. त्या दिवसापासून मागची छोटी खोली तिची झाली. तिथे मुसळं होती, मोडकी छत्री होती, तीन प्रकारची वाळू होती, पत्र्याच्या ताटल्या होत्या. गारीचे, म्हणजे कसाव्याच्या रव्याचे, दाणे ताटलीवर सोडून ती पाऊस पाडायची. पाण्याची रिकामी प्लॅस्टिक पिशवी चुरगळून चूल पेटवायची. छत्री फटफट उघडून कोंबडी उडवायची. घानामधल्या निम्म्या जाहिरातींमध्ये कुणी काही खाल्लं, कांडलं, आपटलं किंवा ओढलं असेल, तर ते डेडेने केलेलं होतं, आणि हे ती कुणालाही न विचारता सांगायची.

आता एकोच्या कॉम्प्युटरमध्ये दहा हजार आवाज होते. एकोला मात्र स्टुडिओत बसायला जागा नव्हती. आर्मांनी आठवड्यापूर्वीच डेडेला सांगितलं होतं: साबणाच्या जाहिरातीचं काम या तयार आवाजांवर निभावलं, तर सोमवारपासून मागची खोली एकोची, आणि डेडे पुढच्या टेबलावर, येणाऱ्यांना थंड पाणी द्यायला. पाणी द्यायला डेडेची ना नव्हती. पण पाणी देणारी बाई म्हणून ती या इमारतीत उरणार होती, आणि ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"साबणवाल्या हाजिया तीनला येणार," ती म्हणाली. "तो सदरा आण इकडे. आणि तुझी बदकं बंद कर."

मागच्या खोलीत तिने बाह्या वर केल्या, साबणाच्या लांब वडीचा तुकडा कापला आणि टबापुढच्या बुटक्या स्टुलावर बैठक मारली. एकोने माईक तिच्या मनगटाजवळ आणला, बाहेर जाऊन हेडफोन लावले. पहिल्याच फेरीत कापड बोलायला लागलं, स्वच्छ, एका लयीत. दोन मिनिटांत तिने काम उरकलं. एको हेडफोन काढून दारात आला. मुलगा लबाड नव्हता, ही त्याची जमेची बाजू.

"हे माझ्याकडे नाही, आंटी."

"असेल कसं? तुला ते आवाज विकणारे लोक मशिनात धुतात."

तीन वाजता हाजिया रमातू आल्या. कुमासीच्या या बाईने तरुणपणी कढईत साबण ढवळला होता आणि आता तिचा कारखाना होता, पण हातांवरचे सोड्याचे डाग तिने कधी झाकले नाहीत. त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गाणं बारीक कर."

एकोने गिटार खाली आणलं. खोलीत डेडेचं धुणं तेवढं उरलं. हाजियांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि आर्मांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं.

"धुणारी हुशार आहे," हाजिया म्हणाल्या. "पण ही आई नाही."

"म्हणजे?" एकोने विचारलं.

"पडद्यावर आई आहे ना? लेकराचा सदरा धुतेय ना? मग ऐक की. एकाच वेगात चाललीय बाई. हिला अजून बारा कपडे उरकायचेत. सदरा कुणाचा आहे, तेसुद्धा हिला ठाऊक नाही. ही कामवाली आहे, बाळा. चांगली कामवाली."

डेडे दारात उभी होती. कानफटात बसावी तसं तिला झालं. आधी राग आला, मग लाज वाटली, कारण बाई खरं बोलत होती. चोवीस वर्षांची असताना नवरा निघून गेला, तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला, तेतेला, सोमान्या गावी आईजवळ ठेवून ती अक्राला आली होती. सहा घरचं धुणं. वकिलाचं, नर्सबाईचं, ते दोघे भाऊ होते त्यांचं. तेतेच्या शाळेच्या कपड्यांचं कापड तिनेच दर वर्षी पाठवलं, पण त्यातला एकही सदरा तिने आपल्या हाताने धुतला नव्हता. नाताळात ती जायची तेव्हा ते सगळे धुऊन दोरीवर वाळत असायचे.

"हाजिया, एवढा बारीक फरक कोण ऐकणार?" आर्मांनी गोड आवाजात विचारलं.

"माझा साबण घेणाऱ्या."

"मी वेग कमी करून देतो," एको म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरवर तो कमी केला. कापड बकरीसारखं ओरडायला लागलं. हाजिया मनापासून हसल्या.

"राहू दे मग," आर्मा म्हणाले. "आपलं ते पाण्याचंच ठेवू. गाणं जरा मोठं करू. गाण्याखाली सगळं खपतं."

एकोने डेडेकडे पाहिलं नाही. खोली कुणाची होणार, हे त्या वाक्यात ठरल्यासारखं होतं.

"माझी गाडी साडेचारला निघते," हाजिया उठत म्हणाल्या.

"मला अर्धा तास द्या," डेडे म्हणाली. आवाज तिला हवा होता तसाच आला, खणखणीत. "गाडी गाठायला दहा मिनिटं पुरतात. मी दिलेल्या वेळेत काम देते. बॉसना विचारा."

हाजिया पुन्हा बसल्या.

डेडेने सदरा आधी अंगणात नेला. तो अजून नवाकोरा होता. मळलेलाच नव्हता तर धुणार काय? तिने तो लाल मातीत घोळवला, दुपारच्या डब्यातलं पामतेल कॉलरला फासलं आणि आत येऊन दार लावलं. मग ती धुवायला बसली.

हात लगेच पळायला लागले. वकिलाचे सदरे, नर्सबाईच्या चादरी. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. हातांना तीच एक वाट माहीत होती. तिने डोळ्यांपुढे तेतेला आणायचा प्रयत्न केला. सहा वर्षांचा तेते, आठ वर्षांचा तेते. पण येत होता तो नाताळातला तेते, नव्या कपड्यांतला, तेल लावलेला, तिच्याकडे जरा लाजून बघणारा. मळलेला तेते तिने पाहिलाच नव्हता. तिसऱ्या वेळीही नीट जमेना, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे पुसायचे तर हात साबणाचे.

"आंटी, पंधरा मिनिटं झाली," बाहेरून एको म्हणाला. घाई करत नव्हता. कळवत होता.

ती तशीच बसून राहिली. मग तिला एक वेगळा सदरा आठवला. सदरा नव्हे, फ्रॉक. तिचा स्वतःचा. सोमान्याच्या अंगणात आई तो धुवायची आणि छोटी डेडे पालथ्या घातलेल्या उखळावर बसून भाजलेलं मक्याचं कणीस खायची. आई भराभर कधी धुवायची नाही. चार वेळा घासायची आणि थांबायची. फ्रॉक उजेडात धरायची, कॉलर बघायची, जिभेने च्च् करायची, कुठे लोळून आलीस असं विचारायची, पण उत्तराची वाट बघायची नाही. मग तेवढाच डाग, दोन बोटांत धरून, हळू.

आपण कशा धुतो, हे डेडेने बाजूला ठेवलं आणि आई कशी धुवायची तसं ती धुवायला लागली.

काचेपलीकडे एकोला पडद्यावर आवाजाची रेघ दिसत होती. ती चार वेळा उसळली आणि सपाट झाली. तो दचकला. मग एक बारीक च्च् ऐकू आलं, आणि कापड पुन्हा बोलायला लागलं, या वेळी हळू, थोड्याशा जागेत.

डेडे हात पुसत बाहेर आली.

"मध्ये तीन सेकंद काहीच नाही, आंटी. माईक गेला की काय वाटलं मला. कापून टाकू?"

"हात लावू नकोस. तिथे ती कॉलर बघतेय."

"पण गाणं चालूच राहील तिथे. रिकामं वाटेल."

"मग गाणंही थांबव. आई कॉलर बघताना कोण गिटार वाजवतं?"

एकोने गिटार तिथे तोडलं. मुलीने सदरा वर धरल्याचा चित्रातला एक तुकडा त्याने आधी कापून टाकला होता. तो शोधून त्या जागी बसवला. शेवटच्या घासणीबरोबर गिटार हळूच परत आणलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं, आणि ते चांगलं होतं. डेडेने तसं सांगितलंही, कारण चांगल्याला चांगलं म्हणताना ती कधी हात आखडता घेत नसे.

हाजियांनी दोनदा ऐकलं. दुसऱ्या वेळी डोळे उघडे ठेवून.

"हं," त्या म्हणाल्या. "आता आली आई."

आर्मांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हाजिया पर्स उचलून निघाल्या आणि डेडेपाशी थांबल्या. साबणाने सुरकुतलेली तिची बोटं त्यांनी आपल्या डाग पडलेल्या हातांत घेतली.

"मुलं किती तुला?"

"एक. तेते."

"नशीबवान आहे पोरगा."

डेडेने मान हलवली आणि सदरा पिळून वाळत घालायला गेली.

सोमवारी एको मागच्या खोलीत आला तो टेबल घेऊन नव्हे, दरवाजा घेऊन. खराखुरा, बिजागऱ्या असलेला, भंगारातून आणलेला.

"बँकेची जाहिरात आहे. हा रागाने आपटायचाय, आंटी. माझ्याकडचे सगळे दरवाजे श्रीमंतांचे आहेत."

"रागाने म्हणजे कुणाच्या? नवऱ्याच्या, की बायकोच्या?"

"फरक असतो?"

"अरे देवा," डेडे म्हणाली, "बस इथे."

जाहिरात महिन्याभरात टीव्हीवर लागली. अंगणातल्या बायकांनी डेडेला बोलावून बोलावून ऐकवली आणि तिने प्रत्येकीला सांगितलं की हे माझे हात आहेत. एकीने शंका घेतली, तर टब आणून तिथेच दाखवलं.

रविवारी चर्चहून आल्यावर तेतेचा ताकोराडीहून फोन आला. तो तिथे बंदरात वायरमन होता. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मायलेकांचं बोलणं बहुतेक तब्येतीवर सुरू होऊन हवापाण्यावर संपायचं. आज तो एकदम म्हणाला, "मा, ती साबणाची जाहिरात तुमच्या इथली ना?"

"आमच्याच इथली. का रे?"

"काल कँटीनमध्ये लागली होती. मी पाठमोरा बसलो होतो, चित्र दिसलंही नाही मला. नुसतं ऐकलं. मा, आजीच. चार वेळा घासायची आणि थांबायची बघ. मग ते च्च्. मला वाटलं, आता विचारणार, कुठे लोळून आलास." तो हसला, पण हसणं नीट निघालं नाही. "मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ."

अख्ख्या अंगणाला सांगितलेलं वाक्य डेडेच्या ओठांवर आलं होतं. पण पोराला त्याची आजी क्षणभर परत मिळाली होती, आणि ती त्याच्याकडून काढून घ्यावी असं तिला वाटेना.

"कुणी केलंय गं ते?" त्याने विचारलं.

"आहे एक बाई."

"तिला सांग, छान धुतलं म्हणून."

"सांगते," डेडे म्हणाली, आणि जेवलास का, ते विचारलं.