रोक्कामाराची अकरा माणसं

“वेशीतून आत शिरलीस. उजव्या हाताला काय?”

“हौद,” दोनातोंच्या सुजलेल्या पायांना मलम चोळता चोळता वृंदा म्हणाली.

“कुणी बांधला?”

“सरदाराच्या विधवेनं. वेढ्यात माणसं तहानेनं मेली, म्हणून.”

“ग्रँड. पुढे?”

“चौऱ्याऐंशी पायऱ्या. वर घंटेचा बुरूज. जुनी घंटा लढाईत तोफांसाठी वितळवली, आताची नवी. मागच्या गल्लीत तिसरं घर तुमचं.”

दोनातोंनी समाधानानं मान हलवली. वय सत्त्याऐंशी, नजर जवळजवळ गेलेली. इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या रोक्कामारामधून एकोणिसाव्या वर्षी ते आयर्लंडमधल्या लिमरिकला आले आणि पन्नास वर्षं त्यांनी इथं मासे-चिप्स तळले. वृंदा मूळची सांगलीची. एका कंपनीतर्फे घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करायची तिची नोकरी. दीड वर्षं ती रोज सकाळी तासभर इथं येत होती आणि न पाहिलेलं ते गाव तिला दगडादगडानिशी पाठ झालं होतं.

दोनातोंना ठाऊक नसलेली एक गोष्टही तिला ठाऊक होती. आठ वर्षांपूर्वी भूकंप झाला, तेव्हा ती मागची गल्ली कोसळली. त्यांची मुलगी अँजेला हिनं वृंदाच्या कामाच्या पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराचं दार लोटून बजावलं होतं, “बाबांना कळता कामा नये. हाय खातील ते.” त्यांचा बालमित्र एलिओ त्यातच गेला होता. तरी दर नाताळला अँजेला सांगायची, “एलिओनं तुमची आठवण काढलीय.”

मार्चमध्ये दोनातोंनी हट्ट धरला. मे महिन्यात गावी जायचं, सोबत वृंदाला न्यायचं. वृंदाला इटलीसाठी वेगळा व्हिसा लागणार होता. तो काही मिळत नाही, अशा हिशेबानं अँजेलानं होकार दिला. पण व्हिसा आला.

“तू गप्प बस,” रात्रीच्या जेवणाला गौरव, वृंदाचा नवरा, म्हणाला. “डॉक्टर नाही म्हणाले म्हणून सांगेल अँजेला, विषय खल्लास. कम्प्लेंट गेली तर तुझ्या वर्क परमिटचं काय होईल?”

“नवा कोट शिवून बसलेत रे ते.”

“बसू दे ना! तुझे कोण लागतात?”

तिनं ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी दोनातो म्हणाले, “फोनवर गावाचे फोटो असतात म्हणे. आमच्या गल्लीचा बघ. एलिओच्या खिडकीत अजून कुंड्या आहेत का?”

फोटो निघाला. लोखंडी कुंपण, आत दगडांचा ढीग, ढिगावर कमरेएवढं गवत. ‘आहेत’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांना कुठे दिसत होतं?

“गल्ली नाही, दोनातो,” ती म्हणाली. “भूकंपात पडली. आठ वर्षं झाली.”

दोनातो एकेक विचारत गेले.

“बुरूज?”

“उभा आहे. लोखंडी टेकू लावलेत.”

“हौद?”

“शाबूत आहे.”

“माणसं किती गेली?”

“अकरा.”

“नावं असतील. वाच.”

ती अडखळत वाचू लागली. सातवं नाव एलिओचं होतं. दोनातोंनी हात वर केला. ती थांबली. खाली रस्त्यावर बस येऊन गेली. मग तो हात सावकाश गुडघ्यावर आला. “हं. उरलेली वाच,” ते म्हणाले. सगळी झाल्यावर म्हणाले, “पुन्हा वाच.” असं चार वेळा झालं. ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्याकडे तोंड केलं नाही.

संध्याकाळी अँजेलाचा फोन आला. ती ओरडली नाही, ते जास्त लागलं. “ते जेवत नाहीयेत. तू सुटलीस, आता मी काय करू?” कंपनीनं वृंदाला ते घर बंद केलं आणि लेखी ताकीद दिली. तिला रात्र रात्र वाटत राहिलं, आपण खरं बोललो की नुसतं आपलं ओझं उतरवलं?

तीन आठवड्यांनी अँजेलाचा मेसेज आला. ‘रविवारी अकरा वाजता चर्चमध्ये प्रार्थना. बाबांनी तुला बोलावलंय.’

दोन घरांच्या मधल्या वेळात, कामाच्या निळ्या अंगरख्यातच वृंदा चर्चच्या मागच्या बाकाशी उभी राहिली. दोनातो पुढे बसले होते, फार वाळले होते. रोक्कामाराच्या मृतांसाठी प्रार्थना आहे, असं सांगून तरुण पाद्र्यानं कागद उघडला. पहिलंच नाव त्याच्या जिभेवर मोडलं. दुसरंही.

दोनातो उठले. बाकाला धरून उभे राहिले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यांनी पहिल्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली. पाद्र्यानं कागद मिटला. सातव्या नावाला आवाज थरथरला, पण थांबला नाही. अँजेलानं लगबगीनं उठून त्यांचं कोपर धरलं.

त्यांनी ते हलकेच सोडवून घेतलं, आणि आठवं नाव घेतलं.