ओल्या गोणपाटाचा वास

माझ्या तोंडी कुणी लागू नये, असं आमच्या गावात म्हणायचे. भाजीत मीठ कमी पडलं तर मी भर पंगतीत सांगायची, घर सरपंचाचं असो नाहीतर व्याह्याचं. साठ वर्षं नावं ठेवत आले. एकदाच गप्प राहिले, ते इथं ऑकलंडात, आणि तेवढ्यानं पोराचं सगळं गेलं.

मैत्रेय माझा एकुलता. ऑकलंडातच पेनरोज भागातल्या एका गोदामात फ्रान्सची शॅम्पेन उतरायची. ती चाखून बघायची, कशासोबत काय द्यावं ते हॉटेलवाल्यांना सांगायचं, हे त्याचं काम. दारूचं काम धरलं म्हणून मी महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई मी. तो फोनवर म्हणाला, आई, चाखून थुंकायची असते, कुणी गिळत नाही. तेव्हा कुठं बोलले.

दोन हिवाळ्यांमागं त्याला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. फोडणी करपून घरभर धूर झाला तरी कळेना. डॉक्टरीण म्हणाली, वर्ष उलटलं, आता आशा धरू नका. त्यानं कंपनीत सांगितलं नाही. व्हिसा त्याच नोकरीवर होता. नोकरी गेली की देशच सुटला.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, त्यांच्या घरी राहायला आले त्याच आठवड्यात, सून प्राची कामाला गेलेली बघून, त्यानं ओट्यावर माझ्यापुढं पेला ठेवला.

"आई, जिभेला काय लागतं ते सांग. मग सिंकमध्ये थुंक."

चहातलं दूध कुठल्या म्हशीचं ते सांगणारी बाई मी. पण दारू ती दारू. त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पेला उचलला.

आधी नुसतं टोचलं. मग आंबट, पण लिंबाचं नाही, हिरव्या बोराचं. गोड म्हणून काही नाही. त्यामुळं तिला कोरडी म्हणतात म्हणे. ओल्या वस्तूला कोरडी म्हणायला शिकलेलीच माणसं लागतात. त्यामागून पाटीवरच्या पेन्सिलीची चव आली. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले ती पेन्सिली खायलाच, म्हणून चटकन ओळखली. थुंकल्यावर नाकात मागं राहिला तो तव्यावरच्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास. मी सांगत गेले, तो इंग्रजीत लिहीत गेला: हिरवं सफरचंद, खडू, भाजलेला पाव.

पुढं सोबत काय खायचं तेही मीच ठरवू लागले. केक ठेवला तर ती चिंचेच्या पाण्यासारखी लागली. ठेचा ठेवला तर बुडबुड्यांनी तोंडात वणवा पेटवला. तळलेली मासोळी बरी लागली. पण कुरडई तळून वर मीठ भुरभुरलं, एक तुकडा चावला आणि मागोमाग घोट घेतला, तर थुंकणं जिवावर आलं. थुंकले. कुरडईचा गहू आंबवलेला, हीही आंबवलेलीच. तेलाचा थर ती धुऊन काढते, आणि खारटामागं तिचा आंबटपणा मवाळ होतो. गोऱ्या हॉटेलवाल्यांनी डबाभर कुरडई फस्त केली. मैत्रेयचा साहेब ग्रेग सगळ्यांना सांगू लागला की असं जोडणारं नाक अख्ख्या गावात नाही. मला ऐकून बरं वाटायचं. नाक कुणाचं ते मला ठाऊक होतं.

एकदाच चुकले. मैत्रेयनं चाखायला पांढरं मऊ चीज आणलं होतं. वर बुरशी दिसली, मी उचलून कचऱ्यात टाकलं. तो प्राचीसमोर म्हणाला, आई, ती बुरशी मुद्दाम धरवतात, इथं तिलाच मान असतो. न विचारता नावं ठेवू नकोस. प्राची खाली बघून हसली. ते मला फार लागलं.

वैशाखात, म्हणजे इथं थंडी धरू लागते तेव्हा, गोदामात मोठी चाखणी होती. दहा-बारा हॉटेलवाले. कुरडया तळायला मला नेलं. ग्रेगनं "किया ओरा, आंटी" म्हणत इथल्या रीतीचा नमस्कार केला. मी आत शेगडीशी, ते सगळे बाहेर. प्रत्येक बाटली उघडली की मैत्रेय आत यायचा, मी घोट घेऊन ठीक आहे म्हणून मान हलवायची, मग तो बाहेर ओतायचा.

चौथी बाटली सगळ्यांत जुनी, तिच्यासाठीच माणसं आली होती. पेला नाकाशी नेला तर ओल्या गोणपाटाचा वास. ज्वारीच्या पोत्याला तळातून बुरशी धरते, तो. बोर नाही, भाकर नाही, सगळं विझलेलं. "नासलीय" हा शब्द ओठांवर आला होता. पण ते चीज आठवलं. म्हटलं, भारीतली आहे, हिलाही मुद्दाम धरवली असेल. पुन्हा अडाणी ठरायचं नव्हतं मला.

मी मान हलवली.

बाहेर ग्रेगनं पेला हुंगला आणि खाली ठेवला. मैत्रेय त्याच वेळी भाजलेल्या पावाचं सांगत होता. कुणी हसलं नाही. ग्रेगनं त्याच मालाची दुसरी बाटली उघडली, दोन पेले त्याच्यासमोर ठेवले आणि हळूच विचारलं, यातली खराब कुठली. बूच खराब निघालं की असा वास धरतो, पोरासोरालाही कळतो, हे मला नंतर समजलं. मैत्रेयनं दोन्ही हुंगले. पुन्हा हुंगले. मग त्यानं दाराकडं, माझ्याकडं पाहिलं. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी पाहिलं. मी झारा घेऊन उभी, आणि कढईत कुरडई जळत होती. तिचा वास त्याला सोडून सगळ्यांना येत होता.

परतताना गाडी पुलावर आली तेव्हा तो बोलला.

"आई, तुला वास आला होता का?"

आला होता म्हटलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, मग बोलली का नाहीस. मग चीजच्या वेळचं त्याचंच बोलणं त्याच्यापुढं ठेवावं लागलं असतं.

"नाही रे," मी म्हटलं. "माझंही नाक गेलं वाटतं."

पाचवं शील, दारू न पिण्याचं, इतके दिवस थुंकून राखलं होतं. चौथं, खोटं न बोलण्याचं, त्या पुलावर मोडलं.

त्यानं मान डोलावली.

आता बैठकीत खोकी भरून ठेवलीत. महिनाअखेरीला जायचं. गावी जाऊन तो काय करणार, ते कुणी विचारत नाही. परवा प्राचीनं चहा दिला, दूध नासायला आलेलं होतं. ती लगबगीनं म्हणाली, आई, नाक गेलेलं, तुम्हांला काय कळणार, पण दूध आजचं आहे हं. मैत्रेय समोरच बसून तोच चहा पीत होता. त्याला काही कळलं नाही.

मी माझा कप संपवला आणि चांगला झालाय म्हणाले.