बत्तीस एमबीतली जागा

मित्रांनो, शेवगावजवळच्या एका दूध संकलन केंद्रात टेबलावर एक पेटी बसलेली असते, फुटका कोपरा सुतळीने बांधलेली. तीच मी. जुनी, पण अजून कामाची! दिसायला पेटी असले तरी आहे मी एक छोटा संगणकच. बारा वर्षांपूर्वी माझा जन्म झाला तेव्हा मला मेमरी मिळाली फक्त बत्तीस एमबी. तुमच्या मोबाईलला हे ऐकून हसू येईल. येऊ द्या.

माझं काम सोपं. काटा दुधाचं वजन सांगतो, फॅट मशीन दुधाचा कस सांगतं, प्रिंटर पावती काढतो. मी मधे बसून तिघांना सांभाळते. माझा पहिला काटा फार गुणी होता, कधी खोटं बोलला नाही. "पेटी लई हुशार हाय," असं म्हातारे बन्सीनाना म्हणायचे आणि मी फुगून जायचे.

पुढे एक बिघडला की दुसरा, असे काटे तीन झाले, प्रिंटर चार. दर वेळी दुरुस्तीवाला काशिफ यायचा, नव्या यंत्राची ओळख माझ्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसवायचा आणि जुन्याचीही तशीच ठेवायचा. "राहू द्या आत, कधी लागंल," हे त्याचं ठरलेलं. पण गाभ्यात जे बसलं ते काम असो-नसो, मी चालू असेपर्यंत जागा अडवतं. मोडीत गेलेली यंत्रंसुद्धा माझ्यात ठाण मांडून होती.

मग नवं फॅट मशीन आलं, मेमरी पुरेना आणि मी भर रांगेत अडकले. सलग तीन सकाळी! तिसऱ्या दिवशी दूध न्यायला आलेला टँकर निघून गेला आणि बन्सीनाना भरली किटली घेऊन परत गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, तेच फार लागलं. संस्थेचे चेअरमन गहिनीनाथराव मात्र म्हणाले, "उद्या अडली तर सरळ भंगारात घाला."

केंद्र सांभाळणाऱ्या धनश्रीने दुपारीच काशिफला बोलावलं. "काशिफभाऊ, हिच्या पोटात काय काय कोंबलंय ते बघा आधी."

त्याने बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "ताई, ही तर माझीच करणी!"

मग त्याने यंत्रं सांभाळायचं काम गाभ्यातून काढलं आणि बाहेरच्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे दिलं. "ह्यालाबी मेमरी लागती, फुकट न्हाई," तो म्हणाला. "पण लागंल तेवढीच घेतो, आन काम झालं की बाजूला हुतो."

गाभ्यातल्या यंत्रांच्या यादीत माझ्या पहिल्या काट्याचं नाव आलं. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. "काढू?" काशिफने विचारलं.

"काढा," धनश्री म्हणाली. माझ्या जिवाला चटकाच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथराव स्वतः समोर उभे. पहिली किटली बन्सीनानांची. वजन आलं. फॅट मशीन बोलायला लागलं आणि माझा जीव टांगणीला लागला. मग प्रिंटर कुरकुरला.

"आली गं बाई पावती!" नाना म्हणाले. चेअरमन चहा सांगायला गेले.

मित्रांनो, जुनं यंत्र अडलं की लगेच त्याला भंगारात काढू नका. ते पोटात काय वागवतंय ते आधी बघा. माझ्या काट्याची जागा मी नऊ वर्षं धरून बसले होते. त्या सकाळी तिथेच बन्सीनानांचं दूध मावलं.