अंतराळवीर भावकूचा हात

मी जस्ताचा ठसा बोलतोय, लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला. १९७४ साली बेळगावातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात आलो. माझ्यावर अंतराळवीर भावकूचं चित्र. दोन्ही हात कमरेवर, ऐटीत. भीमसेन मास्तर दर आठवड्याला त्याची गोष्ट लिहीत आणि वर मी छापला जाई.

मास्तरांची कल्पना अफाट, आठवण मात्र फुटकी. शनीजवळच्या स्फोटात भावकूचा डावा हात गेला. चित्रात मी तसाच दोन हातांचा! वाचकांनी विचारलं, तर म्हणे यांत्रिक हात बसवला. पुढे भावकू मेलाच. सुटलो, म्हटलं. दिवाळीनंतर परत हजर! मेला तो म्हणे जुळा भाऊ. अहो, पहिल्याच प्रकरणात त्याला एकुलता लिहिलं होतं! दर चुकीला नवं ठिगळ, आणि शाई माझ्या तोंडाला.

१९८२ साली निपाणीहून शेवंताबाई आल्या. पोस्टात कारकून. त्यांचा डावा हात लहानपणी उसाच्या चरकात गेलेला.

"सर, भावकूचा हात गेला तवापास्नं मी एक अंक चुकवला न्हाय. आता त्यो टाळ्या पिटतोय!"

"बाई, तो यांत्रिक हात..."

"त्यो मंगळावर गळून पडला की. तुमीच लिवलंय. एका हातानं शर्टाचं बटण कसं लावायचं, ते लिवा एकदा. डावा हात मागं धरा, बघा लावून."

मास्तरांनी हात मागं धरला. बराच वेळ झटले. घामेजले. बटण काही लागेना.

बाई गेल्यावर त्यांनी तडक कानस घेतली आणि माझा डावा दिसणारा हात घासून टाकला. मी आतल्या आत ओरडत होतो, "अहो, ठशात सगळं उलटं असतं!" ऐकतो कोण? अंकात भावकूचा उजवा हात गायब.

संपादक मायाप्पा म्हणाले, "मास्तर, भावकू आरशातल्या जगात गेला म्हणून लिवा. खपतंय."

"न्हाय अण्णा. लई झालं."

पुढच्या अंकात मास्तरांनी छापलं, 'ठसा कापताना चुकलो. आधीही पुष्कळदा चुकलो. भावकूला डावाच हात नाही.' त्याखालच्या गोष्टीत भावकू शर्टाची कड दातात धरून बटण लावत होता. शेवंताबाईंचं कार्ड आलं, 'बटण जमलं. आता चपलेचा पट्टा लिवा.'

मी मात्र बाद झालो. आज छपाईच्या खिळ्यांच्या जुन्या पेटीत पडून आहे. लेखकांनो, तुमच्या माणसांना मारा, उठवा, खुशाल. पण चुकलात तर चुकलो म्हणा. गरीब ठशावर कानस चालवू नका!