जिलबीचं पाणी

देवरामकाकांनी सगळी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रंगांच्या कारखान्यात, पिंपं मोजून ट्रकवर चढवण्यात काढली. त्या पिंपांत काय असतं हे त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. तरी निवृत्तीनंतर ते "आम्ही केमिकलवाले" असंच बोलत, आणि सोसायटीत कुणी हरकत घेतली नव्हती.

म्हणून माजिवड्याला राहणारी नात सान्वी आईबरोबर गोव्याला निघाली, तेव्हा तिची लाडकी गोल्डफिश जिलबी काचेच्या टाकीसकट काकांकडे आली.

"आजोबा, रोज पीएच मोजायचा," तिसरीतल्या सान्वीने बजावलं. "नळीत टाकीतलं पाणी, त्यात दोन थेंब औषध. हिरवं झालं की झकास. पिवळं झालं म्हणजे पाणी आंबट. मग मला फोन. पाण्यात काही म्हणजे काही टाकायचं नाही. आजी, तूसुद्धा!"

"छे गं," काका आणि शकूकाकू एका सुरात म्हणाले.

रिक्षातल्या धक्क्यांनी तळाचे खडे हलून पाणी गढूळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी नळीत पिवळं आलं. आता केमिकलवाल्याने तिसरीतल्या पोरीला फोन करायचा? शकूकाकू भजनाला गेल्याचं बघून काकांनी स्वयंपाकघरातला खायचा सोडा चिमूटभर सोडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. काकांनी चिमूट वाढवली. पाण्यात आता नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगायला लागले. काकांनी खड्यांना दोष दिला, काचेला दिला, शेवटी जिलबीच्या स्वभावाला दिला.

पण शुक्रवारी जिलबीने दाणा सोडला. वर येऊन नुसती तोंड उघडत राहिली. सान्वी रविवारी येणार होती.

ते बागेत फिरायला निघाले खरे, पण मन लागेना. जिन्यातूनच परत फिरले, तर शकूकाकू टाकीत कोपरापर्यंत हात घालून गोल गोल फिरवतायत.

"अगं, हे काय!"

"तुरटी," काकू शांतपणे म्हणाल्या. "गढूळ पाणी ते. आमच्या बागमांडल्याच्या विहिरीचं पाणी असंच निवळवायचो आम्ही."

"कधीपासून?"

"रोज. तुम्ही बागेत गेलात की. पण मेलं निवळायचं सोडून पांढरंच होतंय."

काका म्हणाले, "तुरटीने पाणी आंबट होतं, शकू. म्हणून मी सोडा टाकायचो. तू भजनाला गेलीस की."

"म्हणजे तुमचा सोडा पडला की पांढरं, पांढरं दिसलं की माझी तुरटी?"

"आणि तुरटी फिरली की माझा सोडा."

दोघांनी जिलबीकडे पाहिलं. जिलबीने दोघांकडे. मग काकांनी निमूट फोन लावला.

सगळं सांगून टाकलं. सान्वीने एवढंच विचारलं, "दोघांनी?"

"दोघांनी गं बाई."

"पिंपात कालचं भरलेलं पाणी आहे ना, आजी? टाकीतलं पाव पाणी काढा, तेवढंच ते हळूहळू घाला. उद्या पुन्हा. आणि तोवर हात मागे बांधून बसा. दोघांनी!"

दोघं बसली. जिलबीवर एवढा जीव असताना टाकीला काहीच न करणं किती अवघड असतं, हे त्या दिवशी कळलं. काकू दोनदा उठल्या, काकांनी पदर धरून बसवलं. काका एकदा उठले, काकूंनी नुसतं बघितलं.

शनिवारी पुन्हा पाणी बदललं. संध्याकाळी जिलबी शेपटी मिरवत खाली गेली, वर आली, आणि काकांच्या बोटातला दाणा तिने असा काही खेचला की काकूंनी टाळ्याच पिटल्या. लगेच सान्वीला व्हिडिओ कॉल लागला, नळी कॅमेऱ्यासमोर धरली गेली.

"हिरवं!" काका ओरडले.

"हिरवं कसलं? पोपटी आहे."

"अगं, साडी घेतेयस का? हिरवं आहे ते!"

"पोपटी. उजेडात धरा बघू. आता शेवाळी दिसतंय."

"आजी! आजोबा! जिलबी दाखवा ना आधी!" सान्वी पलीकडून किंचाळत होती. पण नळी घेऊन दोघं केव्हाच गॅलरीत पोचली होती, आणि मागे जिलबी दुसऱ्या दाण्यासाठी काचेवर तोंड आपटत होती.