आम्रपालीचा डावा डोळा

बायडाबाई पोरांच्या डोळ्यांत बॅटरी मारते, ही तक्रार उंब्रजमध्ये जुनीच होती. अंगणवाडीत ती मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांना घराघरातून गोळा करून आणायचं, त्यांची नाकं पुसायची, एवढंच तिचं काम. पण महिन्यातून एकदा ती खोलीची खिडकी लावून घ्यायची, एकेका पोराला मांडीवर बसवायची आणि बॅटरीचा झोत आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यात टाकायची. पोरांना तो खेळ वाटायचा. आया मात्र कुरकुरायच्या, "नजर जाईल की गं बये आमच्या पोराची!" बायडाबाई निमूट ऐकून घ्यायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खिडकी लावायची.

ती हे का करते, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

एक्क्याऐंशी साली तिची आम्रपाली सव्वा वर्षाची होती. दिव्याच्या उजेडात पोरीचा डावा डोळा आतून पांढरा चमकायचा. शेजारणी म्हणाल्या, मांजरडोळा हाय, नशीब काढील पोरगी. त्या बोलण्यावर बायडाबाईनं आठ महिने घालवले. मग डोळा लाल झाला, पोरगी कळवळायला लागली, तेव्हा तिचा गवंडी नवरा धोंडिराम हातातली थापी टाकून पोरीला मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "डोळ्याच्या आत कॅन्सर आहे. डोळा काढला तर मुलगी राहील. आणखी महिनाभर थांबला असता तर तेही सांगता आलं नसतं."

डोळा काढला. पोरगी राहिली. पण बायडाबाई लगेच गावात परतली नाही. सांगलीला बहिणीकडं राहिली ती खोटा डोळा बसेपर्यंत, आणि आल्यावर सांगितलं, पोरीला ताप मुरला होता. तो डोळा रोज दार लावून धुवायचा. फोटो काढताना पोरीला जरा वळवून बसवायचं. डावीकडून कुणी हाक मारली तर अख्खी मान फिरवायची, हे पोरीच्या अंगवळणी पाडलं. पंधरा वर्षं उंब्रजमध्ये हे तिघांनाच माहीत होतं: आई, बाप आणि पोरगी.

शहाण्णवच्या मे महिन्यात क्रांती माहेरपणाला आली. उसाची मोठी बागायत असलेल्या घरातली ही लेक वडूजला दिली होती. नवरा फौजेत, जम्मूकडं. पदरात सव्वा वर्षाचा शंभूराज. लस टोचायच्या दिवशी ती त्याला अंगणवाडीत घेऊन आली आणि बायडाबाईनं आपल्या रिवाजाप्रमाणे खिडकी लावली.

पोराचा डावा डोळा शेंदरी दिसला, दिसायला हवा तसा. उजव्या डोळ्यात झोत गेला आणि आत खोल काहीतरी पांढरं लखलखलं. बायडाबाईनं झोत पुन्हा डाव्या डोळ्यात टाकला, मग परत उजव्या.

"आमच्या आत्याबाई म्हणत्यात, राजलक्षण हाय," क्रांती कौतुकानं म्हणाली.

"क्रांती, उद्याच्या उद्या मिरज गाठ."

"का वं मावशी?"

"ह्यो डोळ्याचा कॅन्सर आसू शकतोय. आज तुला माझा राग यील, येऊ दे. पर मिरज गाठ."

क्रांतीचा चेहरा उतरला. घरात सगळं सासऱ्याच्या शब्दावर चालायचं. ती दुसऱ्या दिवशी मिरजेला नव्हे, वडूजला गेली.

आठ दिवसांनी बायडाबाईला कराडच्या ऑफिसात बोलावणं आलं. क्रांतीचे सासरे नाथाजी, निवृत्त सुभेदार. त्यांनी सहीशिक्क्यानिशी तक्रार ठोकली होती: अंगणवाडीतली एक अडाणी बाई आमच्या नातवाविषयी अभद्र बोलते, तिचा बंदोबस्त करावा.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" मुख्यसेविकाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग तुम्हाला कसं कळतं?"

उत्तर बायडाबाईच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"माफीनामा लिहून द्या आणि बॅटरी इथं जमा करा. विषय मिटला."

"बॅटरी माझी हाय बाई. सरकारची न्हवं," एवढं बोलून ती उठली.

घरी धोंडिरामनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दे लिहून. मोठ्या माणसांशी कशाला तंडायचं?"

आम्रपाली भाकरी थापत होती. अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती. पोरगी बारीक अंगाची, पण जीभ धारेची. "तुला कसं कळतं, आसं इचारलं का न्हाई त्यांनी?"

"इचारलं."

"मग काय सांगिटलंस?"

बायडाबाई चुलीतलं लाकूड पुढं सारत बसली.

आम्रपालीनं पीठ तसंच सोडलं. "साऱ्या गावाच्या पोरांच्या डोळ्यात बॅटरी मारतीस, आन् माझाच डोळा लपवून ठिवतीस. मी काय चोरी केली व्हती का आई?"

"तुझ्या लग्नाचं बघाय लागंल उद्या. कळलं तर कोण..."

"ज्याला नको आसंल त्यो जाईल निघून. त्या पोराचं काय? तू आठ महिनं घालवलंस, तरी मी वाचले. त्याचा कितवा महिना चाललाय, ठाऊक हाय तुला?"

बायडाबाईला ते वर्मी लागलं. आठ महिन्यांची गोष्ट तिनं स्वतःच पोरीला सांगितली होती, कधीतरी रडता रडता. आज ती पोरीनं तोंडावर मारली. राग आला, आणि रागाखाली लाजही वाटली. मग धोंडिरामनं उठून खुंटीवरची पिशवी काढली आणि बायकोच्या हातात दिली. "सकाळची यष्टी सातला हाय," तो म्हणाला.

वडूजला सुभेदारांचं स्लॅबचं घर शोधायला मायलेकींना वेळ लागला नाही. नाथाजी व्हरांड्यात पंपाचा स्टार्टर उघडून बसले होते. साठी ओलांडलेली, तरी पाठ ताठ. भिंतीवर वर्दीतल्या तिघांचे फोटो: बाप, ते स्वतः आणि मुलगा.

"तूच का ती बॅटरीवाली?"

"मीच."

"ऑफिसनं समज दिली न्हाई?"

"दिली. माफी मागाया आले न्हाई मी, सुभेदार. पोराला मिरजेला न्या, ह्ये सांगाया आलीया."

त्यांची बायको बनुबाई बाहेर आली. मागोमाग कडेवर शंभूराजला घेऊन क्रांती. तिचे डोळे रडून सुजले होते. चहा आला. मायलेकींना काचेचे दोन वेगळे पेले होते, कोनाड्यातून काढलेले. बायडाबाईनं ते पाहिलं आणि पेला पायरीवर तसाच ठेवला. त्याचं भांडण काढायला ती आली नव्हती, पण तो चहाही तिच्या घशाखाली उतरणार नव्हता.

"समजा तू म्हणतीस ते खरं निघालं," नाथाजी स्टार्टर बाजूला सारत म्हणाले. "काय करतात त्यावर?"

"डोळा काढत्यात."

"ऐकलंस?" ते बायकोकडं वळले. "आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. आन् ह्या पोराचा डोळा मी आपल्या हातानं काढून देऊ? भरतीच्या मेडिकलमधी नापास करू?"

"मेडिकलला उभं ऱ्हायला पोरगं जित्तं लागतंय, सुभेदार."

"अगं बाई, तोंड आवर!" बनुबाई कळवळली. "लेकराच्या म्होरं काय बोलतीस?"

"तिला बोलू द्या आजी," आम्रपाली पुढं झाली. "जरा माझ्याकडं बघा. माझ्या डोळ्यांत काय येगळं दिसतंय का?"

बनुबाईनं पाहिलं. पोरगी चांगली, तरतरीत. "काय बी न्हाई."

आम्रपालीनं खालची पापणी बोटानं ओढली, तळहात गालाशी धरला आणि डावा डोळा काढून हातावर घेतला.

उन्हात, उघड्या व्हरांड्यात, परक्या माणसांसमोर. बायडाबाईचा हात आपोआप पदराकडं गेला, पोरीचं तोंड झाकायला. पदर अर्ध्यावर आला, आणि तिनं तो सोडून दिला.

बनुबाई मटकन खाली बसली. नाथाजींनी मान वळवली. "घाल. घाल ते परत."

"आधी बघा," आम्रपाली म्हणाली. "नीट बघा. ह्यो काढला म्हणून मी आज तुमच्या दारात उभी हाय. शाळंत जाते, सायकल चालवते, अकरावीत वर्गात दुसरी हाय. आई-बा बी राजलक्षण म्हणत ऱ्हायले आसते तर माझा फोटो भिंतीवर आसता, हार घातलेला."

क्रांती जवळ आली. घाबरत घाबरत तिनं त्या रिकाम्या खोबणीत पाहिलं. आत गुलाबी कातडं होतं, ओठाच्या आत असतं तसं. भ्यावं असं काहीच नव्हतं. शंभूराजनं हात पुढं करून आम्रपालीचा गाल धरला.

नाथाजी आत निघून गेले. दार लोटल्याचा आवाज आला. क्रांतीनं पोराला सासूच्या मांडीवर ठेवलं, माजघरात गेली आणि कपड्यांची पिशवी भरून बाहेर आली.

"आगं, मालकास्नी इचारल्याबिगर?"

"त्यांनी न्हाई म्हटलं तर मला थांबावं लागंल, आत्याबाई. म्हणून इचारत न्हाई. जम्मूला ह्यांना तार करा म्हणावं. तवर मी मिरजेला आसंन."

बनुबाईनं नातवाला छातीशी घट्ट धरलं. क्षणभर वाटलं, देणार नाही. मग तिनं त्याच्या डोक्यावर टोपडं बांधलं आणि त्याला सुनेकडं दिलं.

मायणी, विटा, सांगली आणि मग मिरज. त्या तिघींनी संध्याकाळ व्हायच्या आत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई आता पिकल्या होत्या. तपासून म्हणाल्या, "रोग अजून डोळ्याच्या आतच आहे असं दिसतंय. दुसरा डोळा स्वच्छ आहे. पण एक दिवसही दवडू नका." क्रांतीनं सही केली. दुसऱ्या दिवशी डोळा काढला.

तिसऱ्या दिवशी नाथाजी आले. इस्त्रीचे कपडे, हातात तार. मुलानं हिंदीत कळवलं होतं: डॉक्टर जो कहे करो. ते नातवाच्या खाटेशी बराच वेळ उभे राहिले. बायडाबाईशी बोलले नाहीत, आणि तीही आपणहून बोलली नाही. जाताना मात्र आम्रपालीपाशी थांबले.

"तो डोळा... रोज काढून धुवावा लागतो?"

"मी धुते. उकळून गार केलेल्या पाण्यानं."

"दाखव मला."

तिनं दाखवलं. या वेळी त्यांनी मान वळवली नाही.

रोग डोळ्यामागच्या नसेत उतरला नव्हता. शंभूराज वाचला. दर तीन महिन्यांनी त्याला मिरजेला न्यावं लागे, आणि तेव्हापासून क्रांती ओळखीपाळखीच्या प्रत्येक पोराच्या डोळ्यात बघू लागली. कराडच्या ऑफिसला बायडाबाईनं पोरीकडून पत्र लिहून घेतलं: "मला कसं कळतं असं विचारलं होतं. माझ्या मुलीचा डोळा या रोगानं गेला, म्हणून कळतं. माफी मागणार नाही." खाली स्वतःची सही केली, एकेक अक्षर कोरून.

पुढच्या जानेवारीत वडूजला अंगणवाडीच्या बायकांची मोठी बैठक होती. क्रांतीनं खटपट करून तिथं आम्रपालीचं भाषण ठरवलं. सुरू होण्याआधी एक साहेब कानाशी लागले, "इथं ते डोळा काढून वगैरे दाखवू नका हं. बायका घाबरतात."

"घाबरू द्या," आम्रपाली म्हणाली. "घाबरल्या तर लवकर येतील."

आणि तिनं दाखवलाच.

बोलणं संपल्यावर मागून एक सेविका उठली. तिच्या वस्तीवर चार वर्षांची पोरगी होती, डोळा बाहेर आलेला. साहेब पुटपुटले, आता काय उपयोग. "उपयोग हाय का न्हाई, ते डॉक्टर ठरवतील, तुमी न्हवं," बायडाबाई म्हणाली, आणि त्या तिघी बैठक सोडून तशाच वस्तीवर गेल्या.

ती पोरगी वाचली नाही. मिरजेला नेली, मुंबईला नेली, पण पावसाळ्यात गेली. बायडाबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. आपण उगाच त्या घराला आशा लावली, असं ती म्हणत राहिली. पण पोरीची आई अंबूबाई दिवाळीनंतर आपणहून उंब्रजला आली. धाकट्या पोराचा डोळा मिरजेत तपासून घेतला होता. त्याला काही नव्हतं. "आता कुठं जायचं आसंल तर मला बी न्या," ती म्हणाली.

जायचं होतं आटपाडीकडच्या एका वाडीत. मिरजेहून निरोप आला होता: दोन वर्षांची पोरगी, निदान झालेलं, आणि बापानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरी पळवून नेलेली. चौघींना बघून त्यानं दार लावून घेतलं. "जावा, न्हाईतर कुत्री सोडीन," असं तो आतून ओरडला.

बायडाबाई काही बोलणार, तेवढ्यात अंबूबाई उंबऱ्याला टेकून खाली बसली.

"सोड," ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली. "माझी पोरगी ग्येली, बाबा. मला आता कशाचं भ्या न्हाई. तुझी आजून हाय. मी हितनं उठत न्हाई."

आम्रपाली तिच्या शेजारी बसली. मग क्रांती, मग बायडाबाई. ऊन चढलं. वाडीतली माणसं जमली, कुणी हसली, कुणी पाण्याची कळशी आणून ठेवली. आत पोरगी मधेच रडायची आणि गप्प व्हायची.

दुपार कलली तेव्हा आतून कडी निघाली. पोरीला घेऊन आई बाहेर आली होती, आणि बाप तिच्यामागं, खांद्यावर पिशवी अडकवून.