टोपली रिकामी वर जात नाही

ओर्नेल्लाला नेपल्समध्ये येऊन जेमतेम एक रात्र झाली होती आणि त्या अख्ख्या रात्रीत तिच्या चार महिन्यांच्या एल्डानं स्वतःला खाली म्हणून ठेवू दिलं नव्हतं. उत्तरेकडच्या डोंगरातल्या गावी आई होती, सासू होती, शेजारणी होत्या. पोर या हातातून त्या हातात फिरायची आणि ओर्नेल्लाला कळायचंसुद्धा नाही. इथं तुल्लियोला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बंदरावर नोकरी लागली म्हणून बिऱ्हाड उचलून आणलेलं, ओळखीचं कुत्रं नाही की मांजर नाही. सकाळी तो बूट चढवत असताना ती अगदी काकुळतीला आली.

"अरे, कुणीतरी घ्या रे हिला माझ्याकडून! हात गळून पडतील माझे."

"कोण घेणार? वर तर कबुतरंच राहतात," तुल्लियो हसला. त्यांची खोली इमारतीत सगळ्यांत वरची. तिच्यावर नुसतं उतरतं कौलारू छप्पर आणि आभाळ. "जा, शहर बघून ये. दोघींनी घरात बसून रडण्यापेक्षा रस्त्यात रडा, लोकांचीही करमणूक होईल."

मेला चेष्टा करायला बरा, असं मनात म्हणत ती पोरीला छातीशी बांधून निघाली.

तळमजल्यावर दोन्ना असुंताचं, म्हणजे असुंताबाईचं, पावाचं दुकान होतं. ओर्नेल्ला पाव घेत होती तोच दोराला बांधलेली एक टोपली वरून हलत हलत आली आणि दारासमोर थांबली. असुंतानं तिच्यात पाव टाकला, दोराला हिसका दिला, टोपली गेली वर. ओर्नेल्ला तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

"का ग, तुमच्या डोंगरात बायका एका पावासाठी सगळे जिने उतरतात होय?" असुंता म्हणाली. "इथं गुडघे जपायचे असतात, बाई. तुझ्याही गॅलरीत असेल बघ एक, आधीच्या बिऱ्हाडाची." मग ती जरा थांबली. "पण एक ध्यानात ठेव, पोरी. टोपलीतून काही काढलंस, तर बदल्यात काहीतरी घाल. टोपली रिकामी वर जात नाही."

"आणि गेली तर?"

"जात नाही म्हटलं ना," असुंता म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मग ओर्नेल्ला चालत सुटली. डोक्यावर वाळत घातलेल्या चादरींतून गळणारं पाणी चुकवत, मासळीच्या पाट्यांपाशी नाक मुरडत आणि पुन्हा तिथंच घुटमळत, स्कूटरवाल्यांच्या शिव्या खात ती या गल्लीतून त्या गल्लीत शिरत राहिली. एके ठिकाणी लिंबू घेतलं, नुसत्या वासासाठी. एका चौकात म्हाताऱ्यांनी एल्डाचे गाल ओढले, तेव्हा एल्डानं असा काही सूर लावला की तेच कानांवर हात ठेवून पळाले. शहर आवडायला लागलं होतं तिला. फक्त खांद्यापासून मनगटापर्यंत हात ठणकत होते.

दुपार चढली तशी दुकानांची दारं एकामागून एक ओढली गेली, खिडक्या मिटल्या, बघता बघता गल्लीत चिटपाखरू उरलं नाही. या शहरात त्या वेळेला शहाणं माणूस बाहेर पडत नाही. एल्डा मात्र घसा फोडून रडत होती.

तेवढ्यात समोर टोपली उतरली. मुठीला लाल दोरा, आत मऊ धुतलेल्या दुपट्याची घडी आणि घडीवर विणलेलं एक इवलंसं पांढरं टोपडं. ओर्नेल्लानं वर पाहिलं. सगळ्या खिडक्या बंद. कुण्या आजीला पोरीची दया आली असेल, असं वाटून तिचा जीव भरून आला. तिनं टोपडं उचलून एल्डाला बांधलं. एल्डा तत्क्षणी गप्प झाली.

"देव तुमचं भलं करो हो!" ती वर बघत म्हणाली आणि पुढे निघाली.

वळणावर तिला असुंताचं बोलणं आठवलं. मागे फिरणार, तर टोपली पुढच्याच गल्लीत होती. तोच लाल दोरा. तिनं घाईघाईनं पाव ठेवला. दोर हलला नाही. लिंबू ठेवलं. मग गळ्यातली आईची चांदीची साखळी काढून ठेवली. दोर तसाच.

"ते नको, पोरी," वरून आवाज आला. आवाज वयस्कर होता, मायेचा होता आणि त्या मायेनंच तिच्या अंगावर काटा आला. "सकाळी म्हणालीस ते दे. किती वेळ धरून राहशील एकटी?"

ओर्नेल्लाची नजर आतल्या घडीवर गेली. पाळण्यात घालतात तशीच होती ती, आणि हात फार दुखत होते. एक क्षण, फक्त एक क्षण, तिच्या मनात आलं. मग ती जिवाच्या आकांतानं पळाली.

घर कसं सापडलं, जिने कसे चढले, काही आठवेना. दाराला कडी घालून ती खुर्चीत कोसळली. सुटलो एकदाच्या, बाई! किती दिवसांनी अंग हलकं वाटत होतं. तिचा डोळा लागला.

संध्याकाळी खालून शीळ आली. "ओर्नेल्ला! मासळी आणलीय! एवढे जिने कोण चढणार? टोपली सोड!"

दोनच दिवसांत नेपल्सचा झाला हा, असं वाटून तिला खुदकन हसू आलं. ती गॅलरीत गेली, कठड्यावरची टोपली खाली सोडली आणि तुल्लियोनं पुडकं टाकल्यावर हात मागे-पुढे टाकत दोर ओढू लागली. मासळीचा खारट वास वर येत होता.

"एल्डा झोपली वाटतं?" तुल्लियोनं खालून विचारलं. "आवाज नाही आज!"

"हो," ती म्हणाली आणि तिची नजर हातांवर गेली. दोन्ही हात दोरावर होते. छातीशी बांधलेलं फडकं मोकळं लोंबत होतं. मागे खोलीत पलंगावरची चादर सकाळी तिनं ताणून ठेवली होती तशीच होती, एक सुरकुती नाही. टोपली वर आली. मुठीला लाल दोरा होता.

"अग, कुठंय ती?"

डोक्यावर कुठेतरी पाळणा कुरकुरला, सावकाश, एका लयीत. मग एल्डा हसली. आज दिवसभरात पहिल्यांदाच.

ओर्नेल्लानं मान वर केली. छपरावर एकही कबूतर नव्हतं.